टिकली जिथली तिथे

बारकी मुळात भित्री नव्हती. उघडी वायर दिसली की करंट आहे का ते आधी बोट लावून बघणारी बाई ती. पण तीन आठवड्यांपूर्वी तिचे वडील, अण्णा, कामाच्या खोलीत बसल्या जागी खुर्चीवरून खाली कोसळले, आणि त्या दिवशी तिला जी धास्ती बसली ती बसलीच. बारकी हे नावही अण्णांनीच पाडलेलं. आता चाळिशी उलटली, चष्मा लागला, वजन विचारू नये, तरी ती बारकीच.

दोघं बापलेक इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बनवायचे. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारी काडेपेटीएवढी वस्तू. केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आणि त्यांच्या पोटाशी एक लोहचुंबक, एवढाच संसार. पण वेढे तेच ठेवून नुसता चुंबक बदला, आवाज असा बदलतो की गिटार तीच आहे हे शपथेवर सांगावं लागतं. अल्निको नावाच्या मिश्रधातूचे दोन चुंबक होते: ‘दोन नंबर’ एकदम मवाळ, ‘पाच नंबर’ जरा तरतरीत. फेराइटचा तो ‘काळा’, धारदार आवाजाचा. आणि अलीकडे आलेला निओ, नाण्याएवढा जीव पण अंगात रेड्याचं बळ. त्याला अण्णा ‘द्वाड’ म्हणायचे, कारण तो तारेला मोकळेपणी थरथरू देत नाही, आपल्याकडे ओढून धरतो आणि चांगल्या सुराचा विचका करतो.

या सगळ्यांत अण्णांच्या सगळ्यात जवळची होती टिकली. टिकली म्हणजे तपासणीचा लहानसा चुंबक, एका तोंडाला लाल रंगाचा ठिपका दिलेला. दुसऱ्या चुंबकाचं कुठलं तोंड कुठे आहे ते बघायचं तर टिकली जवळ न्यायची. चिकटली तर एक, ढकलली गेली तर दुसरं. चाळीस वर्षं अण्णांची टिकली एप्रनच्या छातीवरच्या डाव्या खिशात असायची. तपासलं की खिशात, जेवायला उठले की खिशात, कोणाशी भांडताना हातात आणि भांडण संपलं की परत खिशात.

आणि नेमकी त्याच जागी, डाव्या खांद्याखाली, डॉक्टरांनी आता एक यंत्र बसवलं होतं. काळजाने भलताच ताल धरला की आतून दणका देऊन त्याला ताळ्यावर आणणारं. दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने घरी सोडताना बारकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ताई, जोरदार लोहचुंबक छातीजवळ नेऊ नका. हा आतला पहारेकरी आहे, चुंबक जवळ आला की झोपतो. काळीज चालूच राहतं, पण तेव्हाच नेमकं काही बिनसलं तर दणका द्यायला कोणी जागं नाही. चुंबक बाजूला केला की हा जागा होतो.” मग त्याने स्वतःच एक गोल चुंबक अण्णांच्या छातीवर धरून दाखवला. आतून बारीक, उंच आवाज आला, काळजाच्या प्रत्येक ठोक्याला एक: टीं, टीं, टीं. “हा ऐकू आला की समजायचं, पहारेकरी झोपलाय. आजोबा, ऐकला ना?” अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हो हो, ऐकला.”

आता बघा, जगात माणसं काय कमी आहेत? सुतार आहेत, शिंपी आहेत, दिवसभर फायली सरकवणारे आहेत. त्यांना सोडून हे यंत्र बसावं कोणाला, तर ज्याची हयात लोहचुंबक चाचपण्यात गेली त्याला! बारकीचं रडू आणि संताप दोन्ही एकदमच वर यायचे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं तिचं झालं. घरातल्या फ्रिजच्या दारावरचे खेळण्यातले चुंबक तिने काढले. कपाटाच्या दाराची चुंबकाची खिट्टी स्क्रू काढून उपटली. रात्री अण्णा झोपले की त्यांच्या दाराशी उभी राहून श्वास मोजायची. आई म्हणाली, “अगं, त्यांना काही होणार नाही, तूच आधी आडवी होशील.” आणि अण्णांना कामाच्या खोलीचं दार बंद. ते दिवसभर गॅलरीत बसायचे आणि नसलेली टिकली बोटांत फिरवायचे.

तेवढ्यात दाढीवाला आला. हा वादक अण्णांचं तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्याच्या जुन्या गिटारचा पुढचा पिकअप अण्णांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलेला, आणि त्या एका आवाजावर त्याचं सगळं नाव. मधे कुठल्यातरी दीडशहाण्याने दुरुस्तीच्या नावाखाली आतला चुंबक बदलला, जुना फेकून दिला, आणि आवाज गेला; तो परत मिळावा म्हणून त्याने पिकअपच काढून आणला होता. आत कोणता चुंबक होता? कुठे लिहिलेलं नाही. अण्णांनी आयुष्यात काही लिहून ठेवलं नाही. “कान आहे की,” म्हणायचे.

“कान घरी आहे आणि पिकअप तिकडे,” अण्णा आता म्हणाले. “एक दिवस ने मला, बारके. डॉक्टर म्हणाले ना, एक वीत लांब ठेवा म्हणून? मी एक मैल लांब बसतो.”

बारकीने दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी जेवण अर्धं टाकलं, तेव्हा ती हरली. निघताना आई दारात म्हणाली, “सांभाळ गं. जित्याची खोड मे...” आणि जीभ चावून आत निघून गेली. म्हणीचा उरलेला अर्धा भाग बारकीच्या कानात जिना उतरेपर्यंत वाजत राहिला.

खोलीत शिरल्या शिरल्या तिने फरशीवर खडूने रेघ मारली. टेबलापासून तीन पावलं. रेघेच्या पलीकडे, दाराशी, अण्णांची खुर्ची.

“ही ओलांडायची नाही.”

“लक्ष्मणरेषा का? मग तो रावण कुठाय?”

“फळीवर आहेत, चार. हसू नका अण्णा.”

अण्णांनी खुंटीवरचा जुना एप्रन मागितला. त्याशिवाय म्हणे हात बांधल्यासारखे वाटतात. तिने तो झटकला, छातीवरच्या खिशात बोटं घालून शिवणीपर्यंत चाचपलं. पेन्सिलीचा तुकडा निघाला, बाकी काही नाही. जुनी टिकली तर तिने दवाखान्यातून आल्या दिवशीच पलीकडच्या कपाटात कुलपात टाकली होती. टिकलीवाचून कामाचा खोळंबा व्हायला लागला तेव्हाही ती बाहेर काढायचा धीर होईना, म्हणून घाईघाईत एका द्वाडालाच तिने लाल ठिपका देऊन तात्पुरती टिकली केली होती. अण्णा इथे येणारच नव्हते, मग त्याचा विचार कोण करतो? आज सकाळी आधी एकटीने येऊन तिने लाकडी फळीच्या चार खाचांत चार चुंबक मांडले, दोन नंबर, पाच नंबर, काळा आणि टिकली, आणि दोनदा मोजले.

दाढीवाल्याचा पिकअप तिने चाचणीच्या गिटारमध्ये पुढे बसवला. या गिटारच्या पाठीला भोक होतं, मागून हात घालून चुंबक सरकवता यायचा. आधी दोन नंबर घातला, आवाज मोठा करणारा अॅम्प चालू केला, आणि मधल्या तारा छेडल्या.

ती शाळेत असताना दाढीवाला याच खोलीत उभा राहून वाजवायचा, तेव्हा त्याला दाढीही नव्हती. तोच आवाज होता हा. गोल, ऊबदार, आणि शेवटी जरासा घोगरा.

“छे,” अण्णा म्हणाले. “गोधडी पांघरून गातोय. दुसरा घाल.”

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. पाच नंबर घातला. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. “अजून झोपेतच आहे. काळा घाल बघू.”

काळा घातला. पहिल्याच फटक्याला बारकीने दात आवळले. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. अण्णांचा चेहरा मात्र उजळला. “हां! हा बघ! हाच होता!”

बारकी त्यांच्याकडे बघत राहिली. अण्णा चुकतील? आवाजात? सूर्य पश्चिमेला उगवला म्हटलं तर एक वेळ तिने मान्य केलं असतं. तिने तो विचार झटकला आणि बटण फिरवून पुढचा-मागचा असे दोन्ही पिकअप एकत्र लावले. आवाज एकदम पातळ झाला, सर्दी झाल्यासारखा नाकात गेला.

“उलटा बसवलास,” अण्णा म्हणाले. “चुंबक उलटा आहे. दोघं एकमेकांना कापताहेत.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दाढीवालाच होता. खोलीत आवाज धड यायचा नाही, म्हणून ती जिन्यात गेली. “जागचे उठू नका,” एवढं सांगून गेली. तीन मिनिटं लागली असतील, फार तर चार. त्याला सगळं ठीक आहे असं सांगताना तिचा स्वतःचा आवाज तिला खोटा वाटत होता.

परत आली तर अण्णा खुर्चीत. हाताची घडी, नजर छताकडे. इतका साळसूद माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. अॅम्प चालूच होता, घूं करत. तिची नजर खाली गेली. खडूची रेघ मधोमध पुसली होती आणि तिथून एक पांढरं पाऊल टेबलाकडे गेलं होतं.

“अण्णा!”

“ओरडू नकोस. सुलटा केला तो. वाजव, आता नाकात जाणार नाही.”

“कशाने तपासलात?”

“टिकलीने. अजून कशाने तपासतात?”

तिने फळीकडे पाहिलं. दोन नंबर होता. पाच नंबर होता. काळ्याची खाच रिकामी, कारण तो गिटारमध्ये होता. टिकलीची खाचही रिकामी होती.

“टिकली कुठे ठेवलीत?”

“जिथली तिथे.”

“इथे नाहीये, अण्णा.”

“मग तिथेच कुठेतरी असेल. मी काय खाल्ली?”

द्वाड लोखंड दिसलं की उडी मारतो हे तिला माहीत होतं, म्हणून तिने पकड पाहिली, कात्री पाहिली, स्क्रू-ड्रायव्हरांचा गठ्ठा उपसला, टेबलाच्या लोखंडी पायांवरून हात फिरवला. कुठेच नाही. “खिसे दाखवा,” ती म्हणाली. अण्णांनी कुरकुरत पँटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रुमाल, किल्ली. “झडती घे आता म्हाताऱ्याची. मला जरा पाणी दे आधी. गरगरतंय.”

गरगरतंय! बारकीने मान वर केली. अण्णांच्या कपाळावर घाम होता.

“कधीपासून?”

“आत्ताच. उठबस झाली ना, त्याने.”

आणि तेव्हा तिला तो ऐकू आला. अॅम्पच्या घुमण्याच्या वर कुठेतरी, सुईच्या टोकासारखा. टीं. टीं. तिला वाटलं अॅम्पच शीळ घालतोय. तिने धावत जाऊन त्याचं बटण बंद केलं. घूं थांबलं, खोली गप्प झाली, आणि तो आवाज उघडा पडला. टीं, टीं, टीं-टीं... टीं. दोन पटापट, मग खंड, मग तीन एकदम.

अण्णा शांतपणे तिच्याकडे बघत होते. त्यांच्या छातीतून आवाज येत होता आणि ते म्हणत होते, “पाणी देतेस ना?”

ती खडूच्या रेघेवरून कशी गेली तिला आठवत नाही. डावा खिसा. मघाशी स्वतःच्या बोटांनी शिवणीपर्यंत चाचपलेला खिसा. तिने आत हात घातला, बोटांना ते गार नाणं लागलं, आणि ती ते घेऊन दारातून बाहेर पळाली. जिन्याच्या लोखंडी कठड्याने तिच्या हातातून टिकली हिसकावून घेतली, खट्ट करून.

ती परत वळली. खोलीत काही आवाज नव्हता.

टीं थांबलं होतं. थांबणारच, तंत्रज्ञाने सांगितलं होतं, चुंबक गेला की आवाज जातो. हे सगळं तिला ठाऊक होतं. पण आत्तापर्यंत ती बापाचं काळीज कानाने ऐकत होती आणि आता तिला ते ऐकू येत नव्हतं. अण्णांनी डोळे मिटले होते.

“अण्णा! अहो अण्णा!”

ती गुडघ्यांवर आदळली आणि कान त्यांच्या छातीला लावला. आत पळापळ चालली होती. एक ठोका, दोन अर्धवट, मग काहीच नाही, मग एक धप्पकन. बारकीने आयुष्यभर कानाला जे जे शिकवलं होतं ते सगळं त्या क्षणी त्या एका जागेवर गोळा केलं. चालू दे, चालू दे, एवढंच ती म्हणत होती, कोणाला ते तिलाही माहीत नव्हतं. हळूहळू खंड लहान झाले. मग आतल्या पहारेकऱ्याच्या दणक्याशिवायच ठोके रांगेत आले. धप. धप. धप. तिने शंभरापर्यंत मोजले आणि परत एकपासून सुरुवात केली.

“मान अवघडेल तुझी,” वरून अण्णा म्हणाले.

ती त्यांना धरून रडली. हमसून हमसून, लहान मुलीसारखी, आणि रडता रडता वाट्टेल ते बोलली. तुम्हाला अक्कल आहे का, आईला मी काय तोंड दाखवलं असतं, तुम्ही मला मारणार आहात एक दिवस. अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळं ऐकून घेत होते. मग तिने दवाखान्यात फोन केला. तिकडची बाई म्हणाली, घाम गेला असेल आणि ठोके नीट असतील तर घाबरू नका, पण तासाभरात घेऊन या, यंत्र तपासू. घाबरू नका म्हणे! सांगायला काय जातंय?

“खिशात मी ठेवली?” अण्णांनी हळूच विचारलं.

“तुम्हीच.”

“शप्पथ, मला आठवत नाही. लाल ठिपका पाहिला, आपली टिकली वाटली. जरा दांडगी लागली हाताला. म्हटलं, आजारपणाने आपलेच हात हलके झाले.”

“ठिपका मी दिला होता, अण्णा. द्वाडाला. माझीच चूक.”

मग बारकीच्या ध्यानात आलं, आणि विचारू नये असं वाटत असतानाच ती विचारून बसली.

“अण्णा, तो आवाज ऐकला नाहीत तुम्ही?”

“कसला आवाज?”

“तुमच्या छातीतला. दवाखान्यात दाखवला होता तो. इतका वेळ वाजत होता. मला पार अॅम्पपाशी ऐकू आला.”

अण्णांनी रुमालाने मान पुसली, रुमालाची घडी केली, ती मोडली, परत केली.

“दवाखान्यातही नव्हता आला,” ते शेवटी म्हणाले. “सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. म्हटलं, गडबडीत निसटला असेल.”

अण्णांची नजर गिटारकडे गेली आणि तिथेच राहिली.

“म्हणजे काळा...”

“बोचतो, अण्णा. कानात खिळा घातल्यासारखा.”

“आणि दोन नंबर?”

“तो तोच आहे. माझ्या लहानपणचा. पहिल्या फटक्यालाच ओळखला मी.”

अण्णांनी मान हलवली. मरणाच्या दारातून आत्ता परत आलेला माणूस, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. ती आता दिसत होती. “दोन वर्षं झाली, मी जिकडे तिकडे काळाच घालतोय,” ते म्हणाले. “मला वाटायचं, चुंबकच हल्ली मंद निघताहेत. बारके, किती जणांच्या गिटारी नासवल्या मी? तू का नाही बोललीस?”

“तुम्ही चुकाल असं मला वाटलंच नाही कधी.”

दवाखान्यात निघायला अजून थोडा वेळ होता. बारकी उठून टेबलाशी गेली, काळा काढला, दोन नंबर आत सरकवला आणि अॅम्प पुन्हा चालू केला. सुलट-उलट तपासायला टिकली नव्हती. ती बाहेर कठड्याला चिकटून बसली होती आणि तिथेच राहू दे, असं तिने मनात म्हटलं. दुसऱ्या पिकअपजवळ नेऊन अंदाजाने बघितलं, भागलं. गिटार घेऊन ती रेघेशी आली तर अण्णांनी खुर्चीतूनच हात पुढे केला.

“जवळ आण. नुसतं लाकूड. पिकअप लांब धर, भिऊ नकोस.”

तिने गिटारचं शेपूट त्यांच्या गुडघ्यावर टेकवलं, पिकअप त्यांच्या छातीपासून हातभर लांब राहील असं, आणि मधे स्वतःचा हात आडवा घातला. अण्णांनी तळवा लाकडावर सपाट ठेवला. तिने तारा छेडल्या. तोच आवाज खोलीभर पसरला आणि सावकाश विरला.

“खालचे सूर कळतात मला,” अण्णा म्हणाले. “वरचे बारीक तू सांग. वर काय आहे?”

एक कान गिटारला आणि एक बापाच्या छातीकडे, अशी ती वाकून उभी होती. तिने पुन्हा तारा छेडल्या आणि जे जे ऐकू येत होतं ते त्यांना सांगायला लागली.